कुंतौरमध्ये कोणाचं चालतं?

पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया देशात, नदीच्या उत्तर काठावर, कुंतौर नावाचं एक गाव आहे. समजा, तिथल्या एका बाईला तांदूळ, तेल, साखर विकायचं दुकान टाकायचंय. जागेसाठी ती आधी गावच्या प्रमुखाकडे, म्हणजे अल्कालोकडे जाईल. जाताना कोलाच्या बिया नेईल, कारण जमिनीचा विषय काढायला तिथे रिकाम्या हाताने कोणी जात नाही. जागा ठरली की परवान्यासाठी एरिया कौन्सिलच्या कचेरीत चक्कर. शेजाऱ्याने हद्दीवरून वाद काढला तर ते प्रकरण सेफोपुढे, म्हणजे अनेक गावांच्या प्रमुखापुढे जाणार. आणि उद्या समोरचा रस्ता रुंद करायचं सरकारने ठरवलं, तर गाठ गव्हर्नरच्या माणसांशी.

एका दुकानासाठी चार दारं. या चौघांपैकी लोकांनी मतं देऊन निवडलेलं एकच: कौन्सिल. आणि चौघांत हात सगळ्यात रिकामे असतात तेही तिचेच. असं का झालं हे समजलं की गाम्बियाचाच नव्हे, पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांचा गावपातळीवरचा कारभार उलगडायला लागतो. पण त्यासाठी आधी नदीपासून सुरुवात करावी लागेल, कारण तिथे सगळं नदीपासूनच सुरू होतं.

नदी, आणि तिच्याकडेने आखलेला देश

गाम्बिया नदी गिनीतल्या फुता जालोनच्या डोंगराळ भागात उगम पावते, सेनेगलमधून वाहत येते आणि शेवटचा साधारण पावणेपाचशे किलोमीटरचा प्रवास गाम्बियातून करून अटलांटिकला मिळते. १८८९ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच यांनी करार करून हद्द ठरवली: नदीच्या दोन्ही बाजूंना सुमारे दहा-दहा किलोमीटरची पट्टी ब्रिटिशांची, पलीकडचा मुलूख फ्रेंचांचा. त्या पट्टीचा पुढे देश झाला. क्षेत्रफळ जेमतेम ११,३०० चौरस किलोमीटर, रुंदी कुठेही पन्नास किलोमीटरच्या वर नाही, आणि २०२४ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास. किनाऱ्याचा तुकडा सोडला तर चारी बाजूंनी सेनेगल.

या नदीची एक खासियत म्हणजे ती कमालीची सपाट आहे. समुद्राची भरती-ओहोटी आत सेनेगलच्या हद्दीपर्यंत जाणवते. कुंतौर समुद्रापासून सुमारे २४० किलोमीटर आत आहे, तरी समुद्रात चालणारी जहाजं तिथवर येऊ शकत. त्याच्या पुढे फक्त लहान बोटी. म्हणजे मोठ्या जहाजांचा हा शेवटचा थांबा. बंदर म्हणून कुंतौरची जी काही प्रतिष्ठा होती ती या एका गोष्टीमुळे.

जहाजं यायची ती शेंगांसाठी. १८३० च्या दशकात गाम्बियातून भुईमूग निर्यात व्हायला लागला. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, साबण आणि तेलासाठी त्याला मागणी होती. विसाव्या शतकात तर देशाची जवळजवळ सगळी निर्यात म्हणजे भुईमूग. पाऊस जून ते ऑक्टोबर एवढाच, त्यात पीक उभं राहायचं. हिवाळ्यात काढणी झाली की शेंगा गाढवांवर लादून नदीकाठच्या खरेदी केंद्रावर, ज्याला तिथे सेको म्हणतात, यायच्या. तिथे वजन, चाळणी, पैसे, आणि मग बोटीत. अशा खरेदी केंद्रांभोवती गोदामं आणि दुकानं उभी राहिली, फ्रेंच आणि ब्रिटिश कंपन्यांचे दलाल आले, लेबनीज व्यापारी आले. त्या वस्तीला नाव पडलं व्हार्फ टाउन, म्हणजे धक्क्याची वस्ती. कुंतौरमध्ये आजही कुंतौर व्हार्फ टाउन आणि कुंतौर फुला कुंदा अशा दोन वेगळ्या वस्त्या आहेत: एक धक्क्याची, दुसरी फुला जमातीच्या लोकांची.

शेती करायला बाहेरून हंगामी माणसंही यायची. त्यांची पद्धत मोठी व्यवहारी होती. पाहुण्या शेतकऱ्याला यजमान घर, जेवण आणि भुईमुगासाठी जमिनीचा तुकडा देणार. बदल्यात आठवड्यातले ठरलेले दिवस त्याने यजमानाच्या शेतात राबायचं. पैशाचा व्यवहार नाही, कागद नाही. अल्कालोला माहीत असलं की पुरे.

बंदराचा पैसा कुठे गेला

भुईमुगाच्या दिवसांत कुंतौरसारखी गावं श्रीमंत होती आणि बंदर ओस पडल्यावर गरीब झाली, असं सहज बोललं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. वर्दळ होती, व्यापाऱ्यांकडे पैसा होता, शेतकऱ्याच्या हातात हंगामात रोकड खेळायची. हे सगळं बरोबर. पण सरकारी पैसा वेगळ्याच वाटेने जात होता. वसाहतीचं मुख्य उत्पन्न म्हणजे आयात-निर्यातीवरचं शुल्क, आणि ते जमा व्हायचं नदीच्या मुखाशी, बाथर्स्टला, म्हणजे आजच्या बंजुलला. शेंगा भरल्या कुंतौरला आणि जकात बसली अडीचशे किलोमीटर लांब. आतल्या मुलखात वसूल व्हायचा तो मुख्यतः प्रत्येक अंगणावर बसवलेला यार्ड टॅक्स. अंगण म्हणजे एका भिंतीच्या किंवा कुडाच्या आत राहणारं अख्खं एकत्र कुटुंब.

म्हणजे बंदर भरभराटीला होतं तेव्हाही त्या बंदराचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक यंत्रणेचा हात तंगच होता. ही गोष्ट पुढच्या सगळ्या गुंत्याच्या मुळाशी आहे.

बंदर मग हळूहळू ओसरलं. दक्षिण काठाने डांबरी रस्ता झाला, ट्रक आले. १९७० आणि ८० च्या दशकांत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात सगळीकडे दुष्काळ पडले, भुईमुगाचं उत्पादन डळमळलं. लेडी चिलेल जावारा नावाची सरकारी बोट बंजुलहून माणसं, टपाल आणि माल घेऊन वर बासेपर्यंत जात असे; १९८४ मध्ये ती बुडाली आणि नदीवरची नियमित प्रवासी वाहतूक तिच्याबरोबर संपल्यासारखीच झाली. भुईमूग खरेदी करणारं सरकारी मंडळ १९९३ मध्ये खासगी कंपनीला विकलं गेलं. त्यानंतरचे घोळ सांगत बसलो तर लेख तिकडेच वाहून जाईल. आता सरकारी खरेदी होते, पण सीमेपलीकडे सेनेगलमध्ये भाव बरा असला तर शेतकरी माल तिकडे वळवतात. सीमा दहा किलोमीटरवर असताना त्यांना कोण अडवणार?

सेफो आणि अल्कालो

ब्रिटिशांना नदी हवी होती, पण नदीकाठच्या मुलखावर राज्य करायला माणसं आणि पैसा घालायचा नव्हता. १८९३ मध्ये त्यांनी आतल्या भागासाठी दोन फिरते कमिशनर नेमले. ते कोरड्या ऋतूत गावोगाव हिंडायचे आणि पाऊस लागला की परतायचे. १८९४ च्या कायद्याने आतला सगळा मुलूख संरक्षित प्रदेश ठरला. तिथे पूर्वीपासून असलेल्या राजांच्या आणि सरदारांच्या जागी, किंवा त्यांच्यातूनच, सरकारमान्य प्रमुख नेमले गेले. एकेका डिस्ट्रिक्टला एक सेफो. डिस्ट्रिक्ट या शब्दाने फसू नका. हा काही गावांचा छोटा प्रदेश असतो. कुंतौर ज्यात येतं त्या डिस्ट्रिक्टचं नाव नियानी.

हे काम किती नाजूक होतं त्याचा एक दाखला. १९०० मध्ये नदीच्या खालच्या भागात, सांकांदी नावाच्या गावी, दोन कमिशनर आणि त्यांच्याबरोबरची माणसं मारली गेली. वाद होता दोन गावांमधल्या भातखाचरांचा. कमिशनर साहेब निवाडा करायला गेले होते.

सेफोच्या खाली प्रत्येक गावात अल्कालो. गाव ज्या कुटुंबाने वसवलं त्या कुटुंबातला ज्येष्ठ पुरुष बहुतेकदा अल्कालो होतो. आपल्याकडच्या वतनदार पाटलाशी त्याचं बरंच जमेल: मूळ पुरुषाचा वंश, जमिनीची माहिती तोंडपाठ, सरकारसाठी वसुली, आणि त्या वसुलीत थोडा वाटा. फरक हा की महाराष्ट्रात पाटीलकीची वतनं कायद्याने गेली, अल्कालो मात्र आजच्या गाम्बियाच्या घटनेत आहे.

नेमणुकीचा मुद्दा महत्त्वाचा. १९९७ च्या घटनेत सेफोची निवड निवडणुकीने व्हावी अशी तरतूद होती. २००१ च्या घटनादुरुस्तीने ती नेमणूक राष्ट्राध्यक्षांच्या हाती गेली. याह्या जामे १९९४ च्या लष्करी उठावातून सत्तेवर आले होते आणि २०१६ ची निवडणूक हरेपर्यंत तेच सर्वेसर्वा होते. त्यांच्या काळात सेफोची खुर्ची कोणाच्या मर्जीवर होती हे वेगळं सांगायला नको. त्यांना हरवून अदामा बॅरो राष्ट्राध्यक्ष झाल्यावर वातावरण मोकळं झालं, नेमणुकीची पद्धत मात्र तीच राहिली.

सेफोकडे दोन खऱ्या सत्ता आहेत. पहिली न्यायाची: डिस्ट्रिक्ट ट्रायब्युनल नावाच्या स्थानिक न्यायासनाचा तो प्रमुख असतो, सोबत गावचे जाणते. जमीन, लग्न, कर्ज, गुरांनी केलेलं पिकाचं नुकसान असे वाद रूढीच्या आधारे इथे चालतात. वकिलाचं इथे काम नसतं. निकाल पटला नाही तर वर अपील करता येतं, पण बंजुलला जायचं भाडं आणि दिवस कोण काढणार?

दुसरी सत्ता जमिनीची, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. वसाहतकाळातल्या कायद्याने आतल्या मुलखातली जमीन डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांच्या हवाली आहे. ती त्यांनी तिथल्या लोकांसाठी, रूढीनुसार सांभाळायची. १९९१ मध्ये राजधानीच्या आसपासच्या भागात जमीन सरकारी मालकीची करून भाडेपट्टे देण्याचा कायदा आला. पण कुंतौरसारख्या ठिकाणी अजून अल्कालोची आठवण हाच सातबारा. कोणाच्या आजोबाने कोणाला कधी तुकडा दिला, कोणत्या झाडापर्यंत, हे त्याला माहीत असतं. माहीत नसलं तर बांताबावर विचारलं जातं. बांताबा म्हणजे मोठ्या झाडाखाली लाकडी ओंडक्यांची बैठक. गावच्या सभा तिथेच भरतात आणि सभा नसेल तेव्हा तरुण मुलं तिथेच अताया उकळत बसतात. अताया हा हिरवा चहा तीन फेऱ्यांत प्यायचा, पहिली कडू, तिसरी गोड, आणि घाई असलेल्या माणसाने या फंदात पडू नये.

काचेच्या गोट्यांनी निवडलेली कौन्सिल

आता निवडून आलेल्यांकडे येऊ. २००२ च्या स्थानिक शासन कायद्याने देशाचे आठ भाग केले: बंजुल शहर, कानिफिंग नगरपालिका, आणि सहा एरिया कौन्सिल: ब्रिकामा, केरेवान, मानसाकोंको, कुंतौर, जांजानबुरे, बासे. कुंतौर एरिया कौन्सिलमध्ये पाच डिस्ट्रिक्ट येतात: लोअर सालूम, अप्पर सालूम, नियानिजा, नियानी आणि सामी. गावं वॉर्डांत वाटलेली, प्रत्येक वॉर्डातून एक सदस्य. कौन्सिलचा अध्यक्ष मतदार थेट निवडतात. सेफोंचे, बायकांचे, तरुणांचे प्रतिनिधी वेगळे घेतले जातात.

मतदानाची पद्धत ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. कागदी मतपत्रिका नाही, यंत्र नाही. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराचा एकेक पत्र्याचा पिंप ठेवलेला, त्यावर त्याचा रंग आणि फोटो. मतदाराच्या हातात एक काचेची गोटी. ती त्याने आपल्या पिंपाच्या नळीत टाकायची. आत घंटी बसवलेली असते. गोटी पडली की टण्ण. बाहेरचे अधिकारी कान देऊन बसतात: एक टण्ण म्हणजे ठीक, दुसरी ऐकू आली तर कोणीतरी दोन मतं टाकली. तळाला वाळू किंवा भुसा, म्हणजे गोटीवर गोटी आपटून आवाज होऊ नये. आणि घंटीचा घोळ नको म्हणून मतदान केंद्राजवळ सायकलला बंदी. मोजणीला लाकडी तबकं, दोनशे किंवा पाचशे खळग्यांची. गोट्या ओतल्या की तबक भरलं की नाही ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं.

१९६० च्या दशकात, बहुतेक मतदारांना लिहितावाचता येत नव्हतं तेव्हा ही पद्धत आली. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीतही तीच वापरतात; २०१६ मध्ये जामे यांना घरी बसवलं ते याच गोट्यांनी. अलीकडे ती जुनाट म्हणून बदलायची चर्चा असते. माझं मत विचाराल तर, पडलेलं मत कानाला ऐकू येतं अशी दुसरी पद्धत मला माहीत नाही, आणि ती घालवण्याची घाई करू नये. २०२३ मध्ये एप्रिलच्या १५ तारखेला सदस्यांची आणि मेच्या २० तारखेला अध्यक्ष-महापौरांची निवडणूक झाली, दोन्ही गोट्यांनीच.

निवडून आलेल्या कौन्सिलने कायद्यानुसार काय काय करायचं? बाजार, स्वच्छता, प्राथमिक आरोग्य, शाळा, गावाकडचे रस्ते, पाणी. यादी भरगच्च आहे. पैसा कुठून आणायचा? इथेच घोडं पेंड खातं.

कौन्सिलचं उत्पन्न मुख्यतः तीन ठिकाणांहून येतं. एक, घरपट्टी, म्हणजे जुन्या यार्ड टॅक्सचाच वारस. दोन, दुकानांचे परवाने आणि बाजारातल्या गाळ्यांचं भाडं. तीन, बाजारात बसणाऱ्यांकडून वसूल होणारी ड्युटी: कौन्सिलचा माणूस पावतीपुस्तक घेऊन फिरतो आणि पाटीवाल्या बाईपासून कापडवाल्यापर्यंत प्रत्येकाकडून काही दलासी (तिथलं चलन) घेतो. आठवडी बाजाराला तिथे लुमो म्हणतात. कुंतौरपासून काही किलोमीटरवर वासू गावचा लुमो आसपासच्या भागात नावाजलेला. सेनेगलमधूनही विक्रेते येतात. गुरं, शेळ्या, सुकी मासळी, प्लास्टिकची भांडी, जुने कपडे, मोबाइलची कव्हरं. पूर्वी सगळा माल नदीवरून यायचा. आता गेले-गेले नावाच्या खडखडत्या व्हॅनच्या टपावर बांधून येतो. व्हॅन जिथे थांबतात त्या जागेचंही शुल्क कौन्सिल घेते. बंदर जाऊन गाडीतळ आला, एवढाच काय तो कौन्सिलच्या तिजोरीतला बदल.

यात घरपट्टीची गंमत पाहा. ती गोळा करतो कोण? अल्कालो. त्याच्यावर देखरेख सेफोची. म्हणजे लोकांनी निवडलेल्या कौन्सिलला स्वतःचा कर मिळवायला राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या माणसावर आणि त्याच्या हाताखालच्या गावप्रमुखावर विसंबावं लागतं. अल्कालो आपल्याच भावकीच्या दारात पट्टी मागायला जाणार. किती जोरात मागेल? बरं, ज्याने पट्टी भरली तो विचारतो, बदल्यात काय मिळालं? नळ बंद आहे, बाजारात शौचालय नाही. पुढच्या वर्षी तो भरत नाही. कौन्सिलकडे आणखी कमी पैसा, आणखी कमी काम. हे दुष्टचक्र तोडायचं तर कुठूनतरी बाहेरून पैसा यायला हवा.

कायद्याने तशी सोय केलेली आहे. २००४ च्या वित्तविषयक कायद्यानुसार कौन्सिलच्या विकासाच्या अंदाजपत्रकातला २५ टक्के वाटा केंद्र सरकारने द्यायचा. कौन्सिलांचं वर्षानुवर्षांचं गाऱ्हाणं हेच की तो पुरा कधी येत नाही. किनाऱ्याजवळच्या कानिफिंगकडे हॉटेलं आहेत, कारखाने आहेत, मोठे बाजार आहेत; त्यांचं निभतं. कुंतौरकडे वासूचा लुमो आहे.

याचा अर्थ सगळा दोष वरच्यांचा असाही नाही. कौन्सिलांच्या २०१८ ते २०२३ या काळातल्या कारभाराची तपासणी करायला राष्ट्राध्यक्षांनी चौकशी आयोग नेमला. आयोगासमोर महसुलाच्या वसुलीवर आणि खरेदीच्या ठेक्यांवर उघड सुनावण्या झाल्या, आणि पावतीपुस्तकासारखी साधी गोष्ट नीट न ठेवल्याने काय होतं हे देशाने पाहिलं. आयोगाचं टायमिंग राजकीय आहे अशी टीकाही झाली, कारण महत्त्वाच्या कौन्सिली विरोधकांकडे होत्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

या सगळ्यांच्या वर गव्हर्नर. कुंतौर आणि जांजानबुरे या दोन कौन्सिली मिळून सेंट्रल रिव्हर नावाचा प्रशासकीय विभाग होतो आणि त्याचा गव्हर्नर जांजानबुरे बेटावर बसतो. हे नदीतलं बेट ब्रिटिशांनी १८२३ मध्ये घेतलं होतं. तिथे १९२७ मध्ये सेफोंच्या मुलांसाठी काढलेली आर्मिटेज शाळा अजून चालू आहे. आरोग्य, शेती, पाणी या खात्यांचे अधिकारी गव्हर्नरच्या समितीत बसतात, कारण ते केंद्राचे नोकर आहेत. दवाखान्यात औषध नसलं तर लोक वॉर्डाच्या सदस्याला धरतात. औषधाची चावी त्याच्याकडे नसते.

तळाशी गाव विकास समिती. ही खरं तर या रचनेतली सगळ्यात जिवंत गोष्ट. बायकांच्या काफोंचे, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या गटांचे प्रतिनिधी त्यात असतात, आणि बाहेरच्या संस्थांचा पैसा विहिरीला किंवा भाजीच्या वाडीला बहुतेकदा याच समितीतून येतो. त्यामुळे पुष्कळदा असं होतं की गावाला विहीर मिळते आणि ती कौन्सिलने दिलेली नसते.

भातखाचर कोणाचं

सत्ता प्रत्यक्षात कशी चालते ते पाहायचं तर भातखाचरात उतरावं. या भागात कामाची जुनी वाटणी अशी की उंचवट्यावरचा भुईमूग आणि बाजरी पुरुषांची, नदीकाठच्या दलदलीतला भात बायकांचा. कुटुंबाच्या सामायिक शेताला मारुओ म्हणतात, तिथलं पीक कुटुंबप्रमुखाच्या कोठारात. एखादीच्या स्वतःच्या तुकड्याला कामान्यांगो. त्याचं पीक तिचं, विकून आलेला पैसाही तिचा.

१९८४ मध्ये नदीच्या दक्षिण काठावर जाहाली-पाचार हा मोठा भातसिंचन प्रकल्प सुरू झाला. आंतरराष्ट्रीय निधीचा पैसा, पंप, वर्षातून दोन पिकं. आखणी करणाऱ्यांनी बायकांच्या जमिनीचा विचार केला होता; वाफे त्यांच्या नावावर नोंदवायचा आग्रहही धरला. पण नोंद एकीकडे राहिली. घरातल्या पुरुषांनी या नव्या वाफ्यांना मारुओ म्हटलं, म्हणजे सामायिक शेत, आणि पीक कुटुंबप्रमुखाकडे गेलं. बायकांनी राबायचं तेवढंच, पण स्वतःचा तुकडा गेला. काही ठिकाणी त्यांनी काम नाकारलं, काही ठिकाणी मजुरी मागितली, काहीजणी भाजीच्या वाड्यांकडे वळल्या. कागद सरकारचा होता, शेताला काय म्हणायचं हे मात्र घरात आणि बांताबावर ठरलं.

भात कमी पडतो तेव्हा तांदूळ बाहेरून येतो, आणि इथे आपला थेट संबंध आहे. बेनाचिन, म्हणजे एकाच भांड्यात मासे, भाज्या आणि तांदूळ शिजवण्याचा त्यांचा आवडता प्रकार, कणीचाच चांगला होतो असं तिथले लोक मानतात. भारताने सप्टेंबर २०२२ मध्ये कणीच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा त्याची झळ थेट गाम्बियातल्या पातेल्यांना लागली. पुढच्या वर्षी भारताने सेनेगल आणि गाम्बियासाठी खास कोटा मंजूर केला. दिल्लीतल्या एका अधिसूचनेने कुंतौरच्या दुकानातल्या पोत्याचा भाव हलतो. तिथल्या कौन्सिलच्या कुठल्याही ठरावाने तेवढा हलत नाही.

शेताला आणखी एक वाटेकरी आहे, पाणघोडा. कुंतौरच्या वरच्या अंगाला नदीचं पाणी वर्षभर गोडं असतं आणि पाणघोडे तिथेच राहतात. रात्री काठावर येऊन भात खातात. बायका-मुलं शेकोट्या पेटवून, डबे बडवून राखण करतात. पाणघोडा संरक्षित प्राणी, त्याची जबाबदारी वन्यजीव खात्याची. जवळच नदीतल्या बेटांवर १९७८ मध्ये केलेलं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे १९७९ पासून चिंपांझी सोडलेले आहेत; पर्यटकांच्या बोटी कुंतौरहून निघतात, पण बेटावर पाय ठेवायला परवानगी नाही. वासूची दगडी स्तंभांची प्राचीन वर्तुळं २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, त्यांचा कारभार कला-संस्कृतीच्या राष्ट्रीय केंद्राकडे. परिसरात पाहण्यासारखं ते सगळं असं कोणत्या ना कोणत्या केंद्रीय खात्याचं.

खाऱ्या पाण्याची रेघ

कोरड्या महिन्यांत नदीचा प्रवाह मंदावतो आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकतं, दोनशे किलोमीटरहून अधिक. ती रेघ कुंतौरच्या खालच्या अंगाला कुठेतरी थांबते. रेघेच्या वर भाताला नदीचं पाणी घेता येतं, खाली नाही. पाऊस चांगला झाला तर रेघ खाली राहते, दुष्काळात वर चढते. कुंतौरच्या शेतीचं नशीब त्या रेघेवर आहे.

ती रेघ आता माणसाच्या हाताने हलणार आहे. सेनेगलमध्ये केदुगूजवळ, साम्बांगालू इथे, १२८ मेगावॉटचं धरण बांधलं जातंय. ते गाम्बिया नदी खोरे संघटनेचं काम. १९७८ मध्ये सेनेगल आणि गाम्बियाने ती स्थापन केली, नंतर गिनी आणि गिनी-बिसाऊ सामील झाले. कचेरी डाकारला. धरण पावसाळ्याचं पाणी अडवून उन्हाळ्यात सोडेल, म्हणजे उन्हाळ्यात खारं पाणी खाली रेटलं जाईल आणि कुंतौरच्या खालच्या गावांनाही दुसरं पीक घेता येईल. पण पावसाळ्यातला पूर कमी झाला तर पुरावर पिकणारा दलदलीतला भात, खारफुटी आणि मासे यांचं गणित बदलेल. कोणत्या महिन्यात किती पाणी सोडायचं हे चार देशांची संघटना ठरवणार आहे. त्या टेबलावर अल्कालो नाही, सेफो नाही, गोट्यांनी निवडलेली कौन्सिलही नाही. गाम्बियाचं सरकार आहे, आणि भात लावणाऱ्या बायकांचं म्हणणं तिथवर पोचवायचं तर वाट तीच: गाव समिती, वॉर्डाचा सदस्य, कौन्सिल, गव्हर्नर, बंजुल.